गाण्यांचं सॉफ्टवेअर चांगलं, पण कुठं अडलं ते सांगत नाही (पाचपैकी तीन स्टार)

पहिलेच सांगून देतो, सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. अर्धा दोष माझ्याच हार्ड डिस्कचा निघाला, पाव दोष एका मोबाईल दुकानाचा, अन् राहिलेला पाव सॉफ्टवेअरचा, तर तेवढ्या पावापायी कोणाला बदनाम कशाला करायचं. पण गाण्यांच्या लायब्ररीचं असलं कोणतंही सॉफ्टवेअर ज्याच्या कॉम्प्युटरवर घडीघडी बंद पडून राहिलं असेल त्याच्या कामी येईल म्हणून सगळं लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपलं दारव्हा तालुक्यात खेड्यावर बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, भांडे, लाइटिंग अन् साऊंड. साऊंडवर मशीन जाते ती वेगळी, पण गाण्याचा सगळा साठा घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आहे, तिथंच कार्यक्रम पाहून यादी बनवायची अन् पेनड्राइव्हवर काढून न्यायची असा कारभार. ११ हजार ६०० गाणी आहेत. हळद, वरात, भीमगीतं, खंजेरी भजन, गोंधळ, गणपती, पोळा, दंडार, जुनी हिंदी, अन् एक फोल्डर 'मिसळ' नावाचं ज्यात लोकांच्या मेमरी कार्डातून आलेलं सगळं कोंबलेलं. हे मिसळ पुढं लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर सहा वर्षांपासून वापरतो अन् खरं सांगतो, कामाचं आहे. देवनागरीत 'हळद' टाइप केलं की टॅगमधून (फाईलच्या आत गाण्याची माहिती लिहिलेली असते तो भाग) शोधून आणते, फाईलचं नाव इंग्रजीत असलं तरी. एक गाणं संपता संपता दुसरं हळूच चढते ते बरोबर करते. अन् सगळ्यात कामाचं म्हणजे 'हे गाणं झालं की थांब' हे बटन. नवरदेव मांडवात आला, आता भटजी मंगलाष्टक सुरू करणार, अशा वेळी गाणं मधातच कापलं तर पाव्हणे वळून पाहतात, अन् पुढचं गाणं सुरू झालं तर नवरीचा बाप वळून पाहते. त्या एका बटनापायी मी याच्यावर टिकून होतो.

लफडं सुरू झालं मार्चच्या शेवटी. संध्याकाळी वादळ आलं, लाईन तीनदा गेली अन् तीनदा आली, यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली होती (ही माझी चूक, मान्य). दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं तर खाली स्कॅनची पट्टी सरकत सरकत ४० टक्क्यावर गेली अन् अख्खी विंडो पांढरीफटक, वर लिहून 'नॉट रिस्पॉन्डिंग'. चार-पाच मिनिटं तसंच. मग आपोआप हाललं, पुढं गेलं, ६३ टक्क्यावर पोचलं अन् विंडो गायब. ना मेसेज, ना माफी. परत उघडा, परत ४० वर अडते, परत ६३ वर मरते. उघडलं की पहिले फोल्डर तपासायचे ही त्याची सवय, त्यामुळे आपल्याला सेटिंगमध्ये जाऊन काही बदलायलाही वेळ भेटत नाही.

अन् १४ एप्रिल तोंडावर. आमच्याकडं तीन गावच्या मिरवणुकांचं साऊंड आपलंच असते, भीमगीतांची यादी दरवर्षी नवीन लागते, मागच्या वर्षीचीच लावली तर पोट्टे लगेच म्हणतात भाऊ हे तं झालं ना.

मी काय केलं, जे सगळे करतात तेच. अनइन्स्टॉल केलं, परत टाकलं. तीन वेळा. तिन्ही वेळा तेच ४० अन् तेच ६३. मग मशीन उचलून तालुक्याला दुकानात नेली. त्यानं दोन मिनिटं पाहिलं अन् म्हणे, "विंडोज खराब झाली भाऊ, फॉरमॅट माराव लागते, पाचशे रुपये." मी म्हटलं गाण्याचं काय? तं म्हणे "बॅकअप घ्या ना घरून." आता बॅकअप घेता येत असता तर इथं कायले आलो असतो. मशीन परत गाडीवर बांधली अन् घरी आलो. बरं झालं आलो, कारण फॉरमॅट मारून काडीचाही फरक पडला नसता, ते पुढं कळेलच.

अनइन्स्टॉल करून काहून फरक पडत नाही ते पहिले सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त लोक वेळ घालवतात. सॉफ्टवेअर काढलं तरी त्याचा डेटाबेस, म्हणजे कोणतं गाणं कुठं आहे, किती वेळा वाजलं, कोणत्या यादीत आहे ही सगळी वही, ती वेगळ्या ठिकाणी राहते. विंडोजमध्ये ॲपडेटा नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्याच्यात. अनइन्स्टॉलर त्याला बहुतेक वेळा हातच लावत नाही. म्हणजे दुकान पाडून नवीन बांधलं पण उधारीची वही तीच. लाईन गेली तेव्हा सॉफ्टवेअर त्या वहीत लिहीत असेल तर वही फाटू शकते. म्हणून ते फोल्डर शोधा अन् डिलीट करू नका, फक्त नाव बदला, शेवटी 'जुनं' असं लावा. सॉफ्टवेअर नवीन कोरी वही बनवते. प्रॉब्लेम गेला तर वहीच खराब होती, नाही गेला तर नाव परत करा, याद्या शाबूत.

माझा गेला नाही. कोरी वही, पण ४० वर अडकणं तेच अन् ६३ वर मरणं तेच. म्हणजे वही बरी होती, गाण्यांमध्येच काहीतरी होतं.

तेव्हा माझा भाचा आला होता परीक्षा देऊन. त्यानं स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप केलं. काय कधी बिघडलं त्याची ही नोंदवही विंडोजमध्ये असतेच, फुकट, अन् मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. त्यात विंडोज लॉग्स, त्यात ॲप्लिकेशन, तिथं लाल निशाण्या. अन् निशाण्या दोन प्रकारच्या निघाल्या! एक नंबर १००२, म्हणजे प्रोग्राम अडकला, उत्तर देत नाही. दुसरी नंबर १०००, म्हणजे प्रोग्राम मेला. मी आतापर्यंत दोन्हीला एकच रोग समजत होतो. अडकणं वेगळं अन् मरणं वेगळं. बैल चिखलात फसला अन् बैलाला साप चावला, दोन्हीत बैल उठत नाही, पण इलाज एक नाही.

पहिले अडकण्याचं पाहिलं. त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या खाली सिस्टिम म्हणून आहे, तिथं बरोबर त्याच वेळेच्या ओळी होत्या, सोर्स 'डिस्क', नंबर ७, म्हणजे डिस्कवर बॅड ब्लॉक. झालं, पोटात गोळा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाकलं, हे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती वाचून दाखवते. निळं दिसलं तर ठीक, माझं पिवळं. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' नावाची ओळ पाहायची, सी५ नंबरची, ती शून्य पाहिजे. पेंडिंग म्हणजे डिस्कला तो तुकडा वाचता आला नाही, पण अजून बाद पण केला नाही. (आकडे तिथं हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या मोजणीत, दिसतात, मेनूतून साध्या आकड्यात करता येतात, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच घाबरणार नाही.) डिस्क अशा जागी अडली की परत परत वाचायचा प्रयत्न करते, तेवढा वेळ सॉफ्टवेअर तोंड वासून उभं. ४० टक्क्याचं रहस्य इतकंच. टिनाच्या खोलीत एप्रिल-मे काढते ती मशीन, कूलर आपल्याला, तिला नाही, तिनं तरी किती सोसावं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. डिस्क पिवळी दिसली की लोक धाडकन चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारतात, स्लॅश आर लावून. ते डिस्कचा कोपरान् कोपरा वाचत बसते, आधीच दम लागलेल्या माणसाला डोंगर चढवल्यासारखं. पहिले डेटा काढा, चेकडिस्क नंतर.

मी १८०० ची २५६ जीबीची एसएसडी (चिपवाली नवीन डिस्क) आणली अन् रोबोकॉपीनं कॉपी लावली. रोबोकॉपी विंडोजमध्येच असते, काळ्या खिडकीत लिहून चालवायची. पण तिला काही सांगितलं नाही तर तिची जिद्द अशी आहे की वाचता न आलेली फाईल १० लाख वेळा परत वाचून पाहते अन् दर वेळी मधात ३० सेकंद थांबते. हिशोब करा, एकाच भजनापाशी साडेअकरा महिने! म्हणून स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे दोन शब्द जोडायचे, म्हणजे एकदा पाहील, एक सेकंद थांबेल अन् पुढं जाईल. रात्री लावून झोपलो, सकाळी ११ हजार ५९७ फाईली आल्या होत्या. तीन नाही आल्या. तिन्ही खंजेरी भजन फोल्डरातल्या. त्याचं मग सांगतो.

नवीन डिस्क लावल्यावर सॉफ्टवेअर म्हणे एकही गाणं सापडत नाही, सगळ्यांपुढं उद्गारचिन्ह. गाणी पहिले डी ड्राइव्हवर होती, नवीन डिस्कला विंडोजनं ई अक्षर दिलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनीचं डी काढलं, नवीनला डी दिलं, सगळी गाणी जागेवर. याद्या परत बनवायच्या भानगडीत पडू नका.

आता ४० वर अडकणं बंद. पट्टी सपाट्यानं पुढं गेली, मी हात जोडून पाहून राहिलो, ६१, ६२, ६३, गायब.

भाचा म्हणे, "मामा, झालर बंद पडली तं तुमी काय करता? अर्ध्यातून चेक करता ना? मंग हे बी तसंच पाहा ना."

पोट्ट्यानं आपलाच धंदा आपल्याला शिकवला. झालरीतला एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, तर आपण एकेक बल्ब नाही काढत, मधातून टेस्टर लावतो, करंट आहे तर गडबड पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. ११ हजार ६०० गाणी असली तरी १४ वेळा अर्धं केलं की एका गाण्यावर येते माणूस. मी फोल्डर अर्धे अर्धे बाहेर काढत गेलो, दर वेळी सॉफ्टवेअर उघडायचं, मेलं तर गडबड आत आहे, जगलं तर बाहेर काढलेल्यात. शेवटी 'मिसळ'मधल्या सहा वरातीच्या गाण्यांवर आलो. सहा टाकले की मरते. म्हटलं झालं काम. त्यातले तीन टाकले, चाललं. बरं, म्हणजे दुसऱ्या तिनात आहे. दुसरे तीन टाकले, ते बी चालले! परत सहा टाकले, मेलं.

अर्धा घंटा आम्ही दोघं नुसते त्या स्क्रीनकडं पाहत बसलो. झालरीत असं कधी होत नाही, दोन्ही अर्ध्या पेटल्या अन् जोडल्या की बंद.

मग परत इव्हेंट व्ह्यूअर उघडला अन् १००० नंबरची ओळ नीट वाचली. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून लिहिलेलं असते, म्हणजे प्रोग्रामचा कोणता भाग पडला. दर वेळी एकच नाव, अन् ते गाणं वाजवणाऱ्या भागाचं नाही, फोटो उघडणाऱ्या भागाचं. खाली कोड, शून्य एक्स, मग सी, मग सहा शून्यं अन् शेवटी पाच. हा कोड फार कॉमन आहे, अर्थ इतकाच की प्रोग्रामनं मेमरीत जिथं हात घालायचा नाही तिथं घातला अन् विंडोजनं त्याला उचलून बाहेर फेकलं. गाण्याच्या सॉफ्टवेअरला फोटोचं काय काम? काम आहे, एमपीथ्रीच्या टॅगमध्ये गाण्याचं कव्हर म्हणून फोटो बसवता येते, स्कॅन करताना तो उघडून त्याचं बारकं चित्र बनवते.

तर त्या सहापैकी एक गाणं उघडून कव्हर पाहिलं. पोट धरून हसलो राजेहो. गावाजवळच्या एका मोबाईल दुकानात गाणी भरून देतात, अन् तिथंच फ्लेक्स पण छापतात. त्या बहाद्दरानं जाहिरात म्हणून स्वतःच्या दुकानाचं अख्खं १० बाय ८ फुटाचं फ्लेक्स गाण्याचं कव्हर करून टाकलं होतं! वर कोपऱ्यात मोबाईलचं चित्र, मधात 'गाणी भरून मिळतील', खाली कोण्या भाऊला वाढदिवसाच्या शुभेच्छा, शुभेच्छुकांचे अकरा फोटो गोल गोल.

आता गणित पाहा. १० फूट म्हणजे १२० इंच, ८ फूट म्हणजे ९६ इंच, इंचाला १०० ठिपके, म्हणजे फोटो १२००० बाय ९६०० ठिपक्याचा. फाईलमध्ये दाबून बसलेला असते तेव्हा २०-२२ एमबी, पण उघडला की एका ठिपक्याला ४ बाइट, एकूण ४६० एमबी. एका वरातीच्या गाण्याचं कव्हर ४६० एमबी! सॉफ्टवेअर एका वेळी चार गाणी स्कॅन करते, माझ्या मशीनच्या प्रोसेसरला चार कोर, म्हणजे एकदम काम करणारे चार भाग, आहेत म्हणून. चार फ्लेक्स एकदम उघडले की १८४० एमबी, वर त्याचं स्वतःचं खाणंपिणं वेगळं. अन् विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामची यादी) सॉफ्टवेअरच्या नावापुढं लिहून होतं ३२ बिट. ३२ बिटच्या प्रोग्रामला साधारण २ जीबीच जागा भेटते, मशीनमध्ये रॅम ८ असो नाहीतर १६. तीन गाणी टाकून पाहिली तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये दीड जीबीवर जाऊन खाली आलं, जगलं. सहा टाकली की चार एका वेळी उघडते, चौथ्याला जागा नाही, अन् जागा भेटली की नाही हे न पाहता ते लिहायला जाते.

कळल्यावर स्वतःचा राग आला. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या, एमपीथ्रीत एका मिनिटाला साधारण १ एमबी लागते, पाच मिनिटाचं गाणं ५ एमबीच्या आत पाहिजे. ही सहा गाणी २६-२७ एमबीची होती. मिसळ फोल्डर साईझनुसार लावलं असतं तर वरच दिसली असती, दोन मिनिटात. आम्ही दोन दिवस घातले.

इलाज सोपा. एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ही सहा गाणी निवडली, डावीकडं कव्हर दिसते त्यावर राइट क्लिक करून काढून टाकलं, सेव्ह. गाणं २७ वरून ५ एमबीवर. सॉफ्टवेअर उघडलं, ६३, ६४, ७०, १००. भाच्यानं खुर्चीवरूनच शिट्टी मारली. १४ एप्रिलच्या याद्या १२ तारखेला रात्री तयार झाल्या, मिरवणुका झाल्या, कुठं गडबड नाही.

एमपीथ्रीटॅगमध्ये बसलोच होतो तर जुन्या भजनांची नावं पण नीट केली. कुठं प्रश्नचिन्हं होती, कुठं जुन्या फॉन्टातलं रोमन अक्षरांचं गचाळ. जुन्या पद्धतीचा टॅग फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइटचा असते, त्यात नावाला ३० अक्षरांची जागा अन् देवनागरीची सोयच नाही. नवीन पद्धतीचा टॅग फाईलच्या सुरवातीला असते, त्यात मराठी बरोबर बसते. सॉफ्टवेअरचा यात दोष नाही, उलट दोन्ही टॅग असले तर ते नवीनच वाचते.

तर मग दोन स्टार कापले कशाचे? फ्लेक्स उघडता आलं नाही म्हणून नाही. ४६० एमबीचं कव्हर कोणी लावेल असं बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. कापले ते मुकेपणाचे. स्कॅन करताना त्याला माहीत असते आपण आत्ता कोणत्या फाईलवर आहे, ते नाव एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून पुढं गेला असता, तरी मेल्यावर आपण शेवटची ओळ वाचून गाणं पकडलं असतं. सहा वर्षात इतके अपडेट आले, रंग बदलले, आयकॉन गोल झाले, पण हे नाही आलं अन् ६४ बिट पण नाही आलं. अन् दुसरं, उघडल्या उघडल्या स्कॅन नको असं सांगायची सोय सेटिंगच्या आत ठेवली, जिथं पोचायच्या आतच ते मरते. शिफ्ट दाबून उघडलं की स्कॅन नाही, इतकं जरी दिलं असतं तरी चाललं असतं.

लग्नाच्या दिवशीसाठी मी आता लॅपटॉपवर फूबार२००० टाकलं, फुकट आहे, २.० पासून ६४ बिटमध्ये पण भेटते, दिसायला एकदम सरकारी फॉर्मसारखं आहे पण हलकं. 'हे झालं की थांब' त्यात पण आहे, मी पहिले तेच पाहिलं. घरच्या मशीनवर जुनंच चालू, हात बसला आहे.

राहिली ती तीन भजनं. आमच्या आजोबांच्या खंजेरी मंडळाची रेकॉर्डिंग आहेत, कॅसेटवरून उतरवलेली, एकेक अर्ध्या घंट्याचं. रोबोकॉपी फाईलमधला एक तुकडा जरी वाचता आला नाही तरी अख्खी फाईल सोडून देते. त्यासाठी अनस्टॉपेबल कॉपियर म्हणून वेगळं सॉफ्टवेअर भेटलं, ते न वाचता येणारा तुकडा तेवढा सोडते अन् बाकी घेते. एमपीथ्रीचं बरं असते, ४ केबीचा एक सेक्टर गेला तर १२८ मध्ये पाव सेकंद जाते, खट् वाजते अन् भजन पुढं चालू. दोन भजनं अशीच आली, कुठं कुठं खट्, खंजेरीच्या ठोक्यात कळतही नाही. तिसऱ्यात मात्र सलग चाळीसेक सेकंद गेले, अकराव्या मिनिटापासून, अन् नेमका तिथंच आजोबांचा एकट्याचा आवाज होता, बाकीचे टाळ धरून थांबलेले. आजीला ऐकवलं तं ती म्हणे, "इथं तं तो खोकलते, मंग हसते, मंग उचलते. ते कुठं गेलं?"

कॅसेट अजून आहे, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, ६० मिनिटाची. ती परत उतरवायची आहे, पण टेपरेकॉर्डरचा बेल्ट वितळून चिकट डांबर झाला आहे. यवतमाळ-अमरावतीकडं जुन्या टेपचे बेल्ट कुठं भेटत असतील तर सांगा, गोल नाही, चपटा पाहिजे.